गिऱ्हेपुंज्यांचं पोट आणि क्रेनचा ब्रेक

ओमप्रकाश गिऱ्हेपुंजे यांच्या पोटाने जन्मात कधी तक्रार केली नव्हती. सासुरवाडीला, लाखनीला गेले की तिखट रश्श्याच्या दोन वाट्या पिऊन वर आमरस रिचवणारा हा जावई पंचक्रोशीत नावाजलेला होता. त्यामुळे भिलाईच्या कोहक्यातल्या भाड्याच्या घरात, एका गुरुवारी सकाळी, डबा भरलेला आणि बूट चढवलेले असताना पोटात एकदम पिळा पडला आणि बुटांसकट संडासाकडे धाव घ्यावी लागली, तेव्हा त्यांना दुखण्यापेक्षा अपमानच जास्त वाटला. परक्याने दगा दिला तर समजता येतं. हे तर स्वतःचं पोट होतं, आणि तेही ऐन ऑफिसच्या वेळेला.

"कालचे कढीगोळे बाधले," रत्नमालाबाई दाराबाहेरून म्हणाल्या. "मी म्हटलं होतं तुमाले, रात्री इतके खाऊ नका."

"मले काही झालं नाही," आतून उत्तर आलं. आतून असं उत्तर देणाऱ्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, कारण ओमप्रकाश ती बायकोलासुद्धा सांगत नव्हते. ते एका खासगी रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्स ऑफिसचे हेडक्लार्क होते. (भिलाईत आहे आणि लोखंडाच्या कामात आहे म्हटलं की गावाकडचे लोक आपोआप मोठा सरकारी प्लांट समजतात, हा गैरसमज ओमप्रकाशांनी वर्षानुवर्षं मोठ्या प्रेमाने सांभाळला होता.) महिन्याभरापूर्वी मिलमध्ये क्रेनचा ब्रेक सुटला आणि सळ्यांचा गठ्ठा खाली आला. खाली नागसेन नावाचा ठेकेदाराचा कामगार उभा होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. क्रेनवर होता देवाजी. देवाजीचं म्हणणं, ब्रेक पकडत नाही हे मी आधीच ऑफिसात सांगितलं होतं. मॅनेजर खुराणासाहेबांचं म्हणणं, कोणी काही सांगितलं नव्हतं, ऑपरेटरचं लक्ष मोबाइलमध्ये असेल. देवाजीला घरी बसवून त्याच्यावर चौकशी लावली होती.

खरं सांगायचं तर देवाजीने सांगितलं होतं. अपघाताच्या आधीच्या मंगळवारी, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर, ओमप्रकाशांनाच सांगितलं होतं. आणि ओमप्रकाशांनी त्याच पावली जाऊन ते खुराणासाहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेब म्हणाले होते, "डिस्पॅच निकल जाने दो, फिर देखते हैं." यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं. ही गोष्ट जगात फक्त तीन माणसांना ठाऊक होती आणि चौकशीत साक्षीला बोलावणं आलं होतं ते त्यातल्या मधल्या माणसाला.

बोलावणं आलं त्याच दिवशी खुराणासाहेबांनी ओमप्रकाशांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला. "गिरिपुंजजी," ते म्हणाले. इतक्या वर्षांत साहेबांना गिऱ्हेपुंजे हे नाव जमलं नव्हतं आणि ओमप्रकाशांनीही ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. "आपको तो ऐसा कुछ याद नहीं होगा." आणि बिस्किटाची बशी पुढे सरकवत त्यांनी सांगितलं की दिवाळीनंतर रिटायर होणाऱ्यांच्या, म्हणजे ओमप्रकाशांच्याही, एक्सटेन्शनच्या फायली त्यांच्याच टेबलावर आहेत. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. ओमप्रकाशांची मुलगी मृणाल नागपूरला नर्सिंग शिकत होती आणि तिची दोन वर्षं बाकी होती. म्हणजे खरं बोलावं तर एक्सटेन्शन गेलं, आणि गप्प बसावं तर देवाजीची नोकरी गेली. ओमप्रकाश घरी आले, कढीगोळे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर सांगितलेला बुटांचा प्रसंग घडला.

आता कोणताही शहाणा माणूस या दोन गोष्टींची सांगड घालील. ओमप्रकाशांनी कढीगोळ्यांची आणि पोटाची घातली. आधी हे पोट बरं करायचं, मग बाकीचं बघू, असं त्यांनी ठरवलं आणि तिथून पुढच्या सगळ्या अनर्थाला सुरुवात झाली.

घर तिघांचं होतं. खाली घरमालकीण कमलाबाई, मध्ये गिऱ्हेपुंजे, वरती चरोद्याच्या रेल्वे यार्डात नोकरीला असलेला भूपेंद्र. अशा घरात पोट बिघडलेलं लपवणं शक्य नाही. पाण्याची टाकी एकच होती आणि ती अवेळी रिकामी होऊ लागली, की तिन्ही मजल्यांना कळत असे. दुसऱ्याच दिवशी कमलाबाई जर्मनचं पातेलं घेऊन वर आल्या. त्यात रात्रभर पाण्यात भिजलेला भात होता, वर कांदा आणि हिरवी मिरची. "बिहनिया बासी खाव भैया, पेट जुडा जाही," त्या म्हणाल्या. सकाळी शिळा भात खा, पोट थंड होईल. छत्तीसगढात या बासीवर पिढ्या जगल्या आहेत, एक मेचा कामगार दिन आला की मोठमोठे लोक ती खाताना फोटो काढून घेतात. पण ओमप्रकाशांच्या मनाला लागलं. लहानपणी भंडाऱ्याकडच्या शेतावर त्यांनी शिळा भात नाइलाजाने खाल्ला होता आणि तो खावा लागू नये म्हणूनच बी.कॉम. केलं होतं.

त्यांच्याहून जास्त लागलं ते रत्नमालाबाईंना. शेजारणीचा भात नवऱ्याच्या पोटात जातो म्हणजे काय? त्यांनी त्याच दिवशी ज्वारीचं पीठ भिजवलं आणि दुसऱ्या दिवशीपासून आंबील सुरू केली. दोघींनाही दुखवायची हिंमत ओमप्रकाशांमध्ये नव्हती, त्यामुळे सकाळी बासी आणि अकराला डब्यातली आंबील असा दुहेरी कारभार चालू झाला. दोन्ही पदार्थ आंबवलेले, दोन्ही गुणकारी. पण औषधांचीसुद्धा एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. दुपारी तीनच्या सुमाराला मेंटेनन्स ऑफिसात असे आवाज येत, की पंप दुरुस्तीला आलेले फिटर एकमेकांकडे बघत.

आणि मग चमत्कार झाला. रायपूरहून चौकशी अधिकारी आले नाहीत, तारीख पुढे गेली, आणि पोट एकदम ठणठणीत! ओमप्रकाशांनी भात खाल्ला, वांग्याची भाजी खाल्ली, वर ताक प्याले. श्रेय कोणाचं यावरून जिन्यात चर्चा रंगली. कमलाबाई म्हणाल्या बासीचं, रत्नमालाबाई म्हणाल्या आंबिलीचं. नवी तारीख कळली त्या संध्याकाळी पोट पुन्हा बिघडलं, तेव्हा दोघींनी एकमेकींच्या पातेल्यावर आरोप केला. गुण चौकशी अधिकाऱ्याच्या गैरहजेरीचा होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. ज्याच्या डोक्यात यायला हवं होतं तो टाकीचं पाणी संपवत बसला होता.

भूपेंद्र पडला आजकालचा. तो मोबाइल घेऊनच खाली आला. "काका, पेट में अपना दूसरा दिमाग होता है. सायंटिस्ट लोक म्हणून राहिले. दिमाग टेन्शन घेते ना, तं पोटातले जे चांगले बॅक्टेरिया असतात, ते डिस्टर्ब होऊन जाते."

ओमप्रकाशांना हे ऐकून वाईट वाटलं. पहिल्या मेंदूच्या जोरावर त्यांना हेडक्लार्कच्या पुढे कोणी जाऊ दिलं नव्हतं. आता हा दुसराही कामाला लागून बिघडला, म्हणजे बढतीचा प्रश्नच मिटला. "मले कसलं टेन्शन?" ते म्हणाले. "आमच्या घराण्यात कोनाले टेन्शन नाही झालं आजवर."

तरीही भूपेंद्र त्यांना जुनवानीच्या बागेत घेऊन गेला. तिथे सकाळी हास्यक्लब भरतो. पन्नाशीच्या पुढची मंडळी गोल उभी राहून हात वर करतात आणि हसतात. कशाला हसतात हे विचारायचं नसतं. ओमप्रकाशांनी हात वर केले, पोट आत ओढलं, हसण्यासाठी तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढे कोण जाणे कशाला, मिलमधली ती क्रेन आली. "और जोर से, अंकल!" असं क्लबच्या प्रमुखबाई म्हणायला आणि पोटात पिळा पडायला एकच गाठ पडली. ओमप्रकाश हात वर ठेवूनच पळत सुटले. त्यांना वाटलं आपण एकटेच पळतोय. मागे वळून पाहिलं, तर हाही व्यायामाचाच भाग समजून अर्धा क्लब हात वर करून, खदखदा हसत त्यांच्या मागे धावत होता. बागेतल्या संडासाला कुलूप होतं. पुढचं सभ्य गृहस्थाने सांगू नये.

शेवटी डॉक्टर. कोहक्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने मृणालपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि सगळे रिपोर्ट समोर ठेवून म्हणाल्या, "सगळं नॉर्मल आहे."

नॉर्मल! महिनाभर माणूस कुथतो आहे, पँट ढिली पडली आहे, आणि कागद म्हणतात नॉर्मल. ओमप्रकाशांना वाटलं, आपल्यावर खोटेपणाचा आळ आला.

"दुखणं खरं आहे काका," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "पण ते आतड्यात सुरू होत नाही. माणूस सतत धास्तीत असला की आतडी एक तर धावायला लागतात नाही तर अडून बसतात. तुम्हाला कसली काळजी आहे का?"

शेजारच्या खुर्चीवर रत्नमालाबाई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. "छे छे," ओमप्रकाश म्हणाले.

"मग वेळेवर जेवा, सावकाश चावून खा. चहा कमी करा. ताक, आंबील काहीही घ्या, पण एका वेळी एकच. संध्याकाळी चाला, झोप पुरी घ्या. आणि मनात काही असेल तर कोणाला तरी सांगा. नाही सांगितलं तर माझ्या गोळ्या अर्धंच काम करतील."

एवढा सरळ, स्वस्त आणि उपयोगी सल्ला ओमप्रकाशांना साऱ्या महिन्यात कोणी दिला नव्हता. त्यामुळे तो त्यांना अजिबात आवडला नाही. बायकोला बाहेर बसवून ते परत आत गेले आणि कामावर जाता येणार नाही असं सर्टिफिकेट मिळेल का, असं विचारून आले. मिळालं नाही. "कामावर जा, बरं वाटेल," बाई म्हणाल्या.

रविवारी कमलाबाईंनी रामबाण उपाय काढला. बेंबी सरकली असणार! खुर्सीपारात एक माणूस आहे, तो बेंबी जागेवर बसवून देतो, पैसे घेत नाही. त्यांनी निरोप धाडूनसुद्धा टाकला. ओमप्रकाश चटईवर उताणे पडून, बनियन गळ्यापर्यंत ओढून वाट बघत होते. जिन्यात पावलं वाजली, दारात माणूस उभा राहिला, आणि तो देवाजी होता.

उठून बसावं तर बनियन गळ्यात अडकलेलं. देवाजी पायाशी बसला. महिनाभरात त्याच्या गालांची हाडं वर आली होती. त्याने पिशवीतून पितळी लोटा काढला, कणकेचा चिमुकला दिवा काढला, वात लावली, दिवा ओमप्रकाशांच्या बेंबीवर ठेवला आणि वरून लोटा पालथा घातला. आतली ज्योत विझली आणि लोट्याने पोट असं धरलं, की ओमप्रकाशांचे डोळे पांढरे झाले.

"हलू नका बाबूजी. थोड्या वेळानं आपोआप सुटते."

"तू कसा आहेस देवाजी?" काहीतरी बोलायचं म्हणून ओमप्रकाश म्हणाले.

"मी कसा राहीन? घरी बसून राहिलो. भाकर तोंडात फिरते, खाली नाही उतरत."

"मंग तुमची बी सरकली असंल बेंबी," रत्नमालाबाई दारातून म्हणाल्या. "बसवून घ्या ना जी आपली आपण."

"आपली आपल्याले नाही बसवता येत वहिनी," देवाजी म्हणाला. रत्नमालाबाई हसून चहा टाकायला आत गेल्या. त्यांचं पाऊल स्वयंपाकघरात पडेपर्यंत देवाजी थांबला. मग लोट्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "बाबूजी, मंगळवारी टपरीवर मी तुमाले ब्रेकचं सांगतलं होतं. तुमाले याद आहे ना?"

"लोटा काढ आधी."

"निघते लोटा. याद आहे ना?"

"देवाजी, लय ओढून राहिला रे तो."

"मले दुसरं कोनी नाही बाबूजी. साहेब तं सरळ ना म्हणून राहिले."

माणसाला पळ काढायचा असतो तेव्हा पायांत बळ येतं म्हणतात. पण पोटावर लोटा चिकटलेला असताना पळता येत नाही, आणि समोरच्याकडे न बघता छताकडे तरी किती वेळ बघणार? "पाहू," ओमप्रकाश म्हणाले. देवाजीने कडेला बोट घालून लोटा उपटला. मोठा आवाज झाला. बेंबीभोवती जांभळं वर्तुळ उमटलं आणि ते कितीतरी दिवस गेलं नाही. देवाजीने चहा अर्धाच घेतला आणि सायकल काढून निघून गेला. ओमप्रकाशांना त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटूनही ते दुसऱ्या दिवशी साक्ष टाळायचं सर्टिफिकेट मिळवायलाच निघाले.

ते गेले दुर्गला. तिथे ओळखीच्या ओळखीतले एक डॉक्टर होते, आणि ते दुखणं न तपासता सर्टिफिकेट देत. "क्या लिखना है?" त्यांनी प्रेमाने विचारलं. त्यांनी आतड्यांचा गंभीर विकार लिहिला. मग स्वतःहून तीव्र मानसिक ताण लिहिला. मग पेन थांबवून विचार केला आणि स्मरणशक्तीवर परिणाम, असंही लिहिलं.

"हे कशासाठी?" ओमप्रकाशांनी दचकून विचारलं. मानसिक ताण वगैरे वाचून लोक काय म्हणतील ही चिंता त्यांना पडलीच होती.

"मजबूती के लिए," डॉक्टर म्हणाले.

असं मजबूत सर्टिफिकेट घेऊन ओमप्रकाश मिलच्या पर्सोनेल ऑफिसात गेले. तिथल्या बाबूने ते उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. आजारपणामुळे साक्षीदार चौकशीला येऊ शकत नाही, हे साक्षीदाराने चौकशी अधिकाऱ्यापुढे समक्ष येऊन सांगितलं पाहिजे, असा नियम होता. "पण मी येऊ शकत नाही हेच तर सांगायचं आहे." "तेच सांगायला या ना," बाबू म्हणाला. ओमप्रकाश स्वतः जन्मभर अशाच खुर्चीवर बसून लोकांना अशीच उत्तरं देत आले होते. त्यांना वाद घालता आला नाही.

चौकशी कॅन्टीनच्या वरच्या खोलीत होती. खालून कांदा तळल्याचा वास येत होता आणि ओमप्रकाशांचं पोट सकाळपासून कढत होतं. टेबलाशी रायपूरचे म्हातारे चौकशी अधिकारी, बाजूला खुराणासाहेब, भिंतीशी देवाजी. आणि पंख्याखालच्या खुर्चीवर नागसेन बसला होता. अपघातानंतर ओमप्रकाश त्याला पहिल्यांदाच पाहत होते. पॅन्टचा उजवा पाय गुडघ्याजवळ दुमडून सेफ्टी पिनेने लावला होता. कुबड्या त्याने नीट जुळवून भिंतीला टेकवल्या होत्या. त्याने ओमप्रकाशांना नमस्कार केला, कारण ऑफिसच्या बाबूला तो नेहमीच नमस्कार करायचा.

अधिकाऱ्यांनी सर्टिफिकेट वाचलं. "ठीक है. लेकिन आ ही गए हैं तो एक बात बता दीजिए. देवाजी ने आपसे ब्रेक की शिकायत की थी?"

पोटात असा पिळा पडला की टेबल, पंखा, सगळं फिरलं. "मुझे जरा..." ओमप्रकाश दाराकडे बघत म्हणाले.

"हां या ना बोलिए और जाइए."

"हां!"

"हां मतलब?"

"हां मतलब बोला था! उसने मुझे बोला, मैंने साहब को बोला, अब जाने दीजिए मुझे!" आणि ते धावले.

संडासात बसल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं. पोट रिकामं आणि हलकं वाटत होतं. तोंड धुऊन ते परत वर आले तेव्हा अधिकारी टायपिस्टला मजकूर सांगत होते. साक्षीदाराच्या स्वतःच्याच डॉक्टरने स्मरणशक्तीवर परिणाम झाल्याचं लिहून दिलं आहे, शिवाय उत्तर देताना त्याची प्रकृती ठीक नव्हती, म्हणून हे उत्तर विचारात घेता येत नाही.

खुराणासाहेब उठून आले आणि त्यांनी ओमप्रकाशांच्या पाठीवर हात ठेवला. "गिरिपुंजजी, घर जाइए. आराम कीजिए. बाकी फाइल की चिंता मत कीजिए, वो मैं देख लूंगा."

अगदी खरं सांगायचं तर ओमप्रकाशांना क्षणभर बरं वाटलं. खरं बोलून झालं होतं आणि त्याचा उपयोगही झाला नव्हता. एक्सटेन्शन शाबूत होतं आणि बायकोला सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. इतका सोयीचा सौदा कोणाच्या नशिबी येत नाही. ते निघाले. वाट अरुंद होती, नागसेनच्या खुर्चीपुढून जावं लागत होतं. त्यांना जायला जागा व्हावी म्हणून नागसेनने वाकून दुमडलेली मांडी दोन्ही हातांनी उचलली आणि बाजूला घेतली. "निघा बाबूजी," तो म्हणाला.

ओमप्रकाश निघाले नाहीत. ते परत टेबलाशी गेले.

"साहब, वो सर्टिफिकेट झूठा है."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "आप समझ रहे हैं, क्या कह रहे हैं? इसके लिए आप पर कार्रवाई होगी."

"पेट मेरा सच में खराब है. याददाश्त ठीक है." टपरी, मंगळवार, देवाजीचे शब्द, खुराणासाहेबांचे शब्द, डिस्पॅच, सगळं त्यांनी सांगितलं आणि टायपिस्टचं संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "और नाम गिऱ्हेपुंजे लिखिए. गिरिपुंज नहीं." त्या नावापायी टायपिस्टला कागद दोनदा बदलावा लागला. खुराणासाहेबांचा पाठीवरचा हात कधीच निघून गेला होता.

गेटबाहेर देवाजी सायकल धरून उभा होता, शेजारी कुबड्यांवर नागसेन. ओमप्रकाशांना वाटलं, आता हा आपले हात धरील. तो म्हणाला, "इतका उशीर कावून केला बाबूजी? पुरा महिना झाला मले जेवून."

"चुकलो," ओमप्रकाश म्हणाले.

"आता नोकरी वाचली तं वाचंल माही. पन ब्रेक खराब आहे हे माईत असून त्या दिवशी वर चढलो तं मीच ना." नागसेन त्याच्या मागे कॅरिअरवर बसला, कुबड्या त्याने आडव्या धरल्या, आणि ते दोघं खुर्सीपारच्या रस्त्याला लागले. ओमप्रकाश ते दिसेनासे होईपर्यंत उभे होते.

घरी आल्यावर त्यांना भूक लागली. महिन्याभरात पहिल्यांदा खरी भूक. रत्नमालाबाई वाढत गेल्या, ते खात गेले आणि खाता खाता सगळं सांगत गेले. लोट्याखाली देवाजी काय म्हणाला ते, दुर्गचे डॉक्टर, एक्सटेन्शन गेल्यात जमा, वर खोट्या सर्टिफिकेटची नोटीस येणार ते. "बरं केलं तुमी," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि आणखी भात वाढला. ओमप्रकाश गाढ झोपले. मनातलं सांगितल्याने पोट सुधारतं हे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं होतं आणि सकाळी उठल्यावर ते त्यांना जाऊन सांगायचं असं त्यांनी ठरवलं.

सकाळी ते आरामात, टॉवेल खांद्यावर टाकून निघाले. संडासाचं दार आतून बंद होतं.

"रत्ना?"

"थांबा," आतून आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा, "थांबा जी. पोटात लय कळ येऊन राहिली."

"काय खाल्लं होतंस काल?"

"काही नाही."

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, काल रात्री तिचं ताटच मांडलेलं नव्हतं. ती फक्त वाढत होती. महिनाभर त्यांनी पोटात धरलेलं सगळं त्यांनी एका बैठकीत तिच्या पुढ्यात रिकामं केलं होतं आणि तिला काय वाटतं हे न विचारता भात मागून झोपी गेले होते. त्यांना तिची दया आली आणि स्वतःचा राग आला.

खालून कमलाबाईंनी पातेलं वाजवून विचारलं, काय झालं म्हणून. वरून भूपेंद्र जिन्यात वाकला. ओमप्रकाशांनी दोघांनाही हाताने परत पाठवलं. मग स्वयंपाकघरातून पाट आणला, संडासाच्या दाराशी ठेवला आणि भिंतीला टेकून त्यावर बसले.

"घाई नको करू. मी इथंच आहे," ते दाराला म्हणाले. "मृणालची काळजी वाटते ना तुले?"

आत नळ चालू होता. तो बंद झाला. मग रत्नमालाबाई दाराआडून बोलू लागल्या.